गाणारा की बाजूचा?

अहो,

प्रिय-बिय काही लिहीत नाही. आज माझं डोकं फिरलेलं आहे आणि ते तुमच्यामुळं फिरलेलं आहे. माणूस गेल्यावर तरी बायकोला शांतता मिळावी ना? तुमचं वर्षश्राद्ध तोंडावर आलंय. आचाऱ्याला सांगायचंय, किराणा आणायचाय, प्रणिताला शाळेतून रजा मिळते की नाही ते बघायचंय. आणि सकाळपासून मला फोन कशाचे? तुमच्या त्या इंग्रजी बँडचे!

पहिला फोन तुमच्या फॅनमंडळीतल्या अंबडच्या देशमाने सरांचा. "वहिनी, मेळाव्यासाठी पुण्यस्मरणाचा बॅनर करून राह्यलोत. मधी दादांचा फोटो, शेजारी बँडमधल्या गाणाऱ्याचा. चालतंय ना?" मी म्हणलं, चालतंय. कणीक मळायला घेतली, तर जालन्याहून नईमभाई. "भाभी, देशमानेचं बिलकुल ऐकू नका. दादांनी शेवटी पार्टी बदलली होती. भर हॉलमधी, सगळ्यांसमोर! बॅनरवर बाजूचाच पायजे."

कणकेच्या हातानं फोन धरून मी उभी. दुपारपर्यंत दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद. सर म्हणतात, नईमला सांगा. नईमभाई म्हणतात, सरला समजवा. दोघं साठी ओलांडलेले, नातवंडं असलेले! मग बॅनरवाल्याचाच फोन आला, "ताई, दोन येगळे फोटो आलेत. काम थांबवून बसलोय. कोणता टाकू?"

मला विचारतात! जे उत्तर तुम्ही मला कधी नीट दिलं नाही, ते मी लोकांना कुठून देऊ? कणीक झाकून ठेवली आणि लिहायला बसले.

तुम्हाला आठवतं का, परतूरला मला बघायला आला होता तो दिवस? मामा तुमचे बैठकीत शेतीच्या गप्पा हाणत होते. वडिलांनी आपल्याला आतल्या खोलीत बसवलं, दारात माझी बहीण. बाकीची पोरं विचारतात, स्वयंपाक येतो का, शिक्षण किती. तुम्ही शर्टाच्या खिशातून कॅसेटच्या डबीतला घडी केलेला कागद काढला, उलगडून माझ्यापुढं धरला आणि विचारलं, "ह्या चौघांतला कोणता आवडला?"

मला वाटलं, डोळे तपासून राह्यलेत!

मी नीट वाकून बघितलं. मधोमध छाती उघडी टाकून, केस मोकळे सोडून एक जण. त्याच्या बाजूला टोपीवाला गिटार घेऊन. मागं एक ढोलांच्या ढिगाऱ्यात बसलेला. आणि कडेला, कागदाच्या घडीत अर्धा गेलेला चौथा. मी त्या चौथ्यावर बोट ठेवलं.

"हा?" तुमचा चेहरा एकदम पडला. "ह्याला कोणी विचारत न्हाई. हा नुसता बाजूला उभा राहतो. का आवडला?"

"ह्याच्याच शर्टाला इस्त्री हाय," मी म्हणलं.

बहीण तोंड दाबून हसायला लागली. तुम्ही कागद घडी करून खिशात घातला, जसं काही मी त्याच्यावर चहा सांडला होता. नंतर मामांनी मला सांगितलं, जीपमध्ये बसल्यावर तुम्ही म्हणाला होता, "पोरगी चांगली हाय मामा, पण एक अडचण हाय." मामांना वाटलं, पत्रिकेत काही निघालं. केवढे घाबरले होते बिचारे!

असं कोण लग्न ठरवतं हो?

मला पुढं कळलं की औरंगाबादला आयटीआय करताना तुमच्या खोलीतल्या मित्रानं ती कॅसेट दिली होती आणि तेव्हापासून तुम्हाला तो नाद. त्यांची इंग्रजी नावं मला कधी उच्चारता आली नाहीत. मी आपली माझी नावं ठेवली. गाणारा, टोपीवाला, ढोलवाला आणि बाजूचा. तुम्ही चिडायचा, "अगं, बेस गिटार म्हणतात त्याला! बाजूचा काय?" पण चिडून चिडून शेवटी तुम्हीही तेच म्हणायला लागलात. तुमची ती फॅनमंडळीसुद्धा आता तेच म्हणते. हे एक मात्र मी करून दाखवलं.

वडीगोद्रीला हायवेवर आपलं मोटर वायंडिंगचं दुकान. पुढं काउंटरवर तुम्ही, मागच्या खोलीत मी. जळालेल्या मोटारी यायच्या, शेतकरी घाईत असायचा, उसाला पाणी थांबलेलं असायचं. तुम्ही पुढं त्यांना चहा पाजायचा, गप्पा मारायचा, भाव ठरवायचा, आणि तो गाणारा मोठ्या आवाजात लावून ठेवायचा. एकदा घनसावंगीकडचे एक आजोबा आले, उंबऱ्यातच थांबले आणि म्हणाले, "मिस्तरी, आत कोणाला मारून राह्यले का?" तुम्ही केवढे नाराज झालात! दिवसभर मला सांगत होता, लोकांना कळत नाही, लोकांना कळत नाही.

आणि मी मागं बसून तांब्याच्या तारेचे वेढे भरत होते. तुम्हीच शिकवलं होतं मला ते. पण तुम्हाला कधी सांगितलं नाही, की मागच्या खोलीत तुमचा गाणारा ऐकूच यायचा नाही. मधल्या भिंतीत त्याचा सगळा आरडाओरडा मरायचा. भिंत ओलांडून यायचा तो फक्त बाजूचा. धम्म, धम्म, धम्म. त्याच्यावर माझा हात चालायचा. तो थांबला की माझा हात चुकायचा. लग्नाआधी मला त्याचा शर्ट आवडला होता, ते खरं. पण पुढं तो मला खरंच आवडायला लागला, ते त्या भिंतीमुळं.

हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता, मला माहीत आहे. "मंग भिंत पाडू."

भांडणं काय कमी केली आपण? भाकरी थापताना, एसटीची वाट बघताना, लोकांच्या लग्नात पंगतीत बसून! तुमचं एकच पालुपद, "गाणारा न्हाई तर बँड न्हाई. लोक त्याला बघायला येतात." मी म्हणायचे, "लोक येत असतील. पण तो दम घ्यायला थांबतो तेव्हा गाणं कोण चालवतं?" तुम्ही म्हणायचा, "ढोलवाला." मुद्दाम! मला चिडवायला बिचाऱ्या ढोलवाल्याला मध्ये आणायचा. प्रणिता लहान असताना तिला विचारायचा, "तुझा आवडता कोण?" ती पोरगी घाबरून आधी तुमच्याकडं बघायची, मग माझ्याकडं, आणि म्हणायची, "टोपीवाला." हुशार निघाली ती.

मग बाजूचा वारला, तो दिवस.

भर दुपारी तुम्ही दुकानाचं शटर ओढून घरी आलात. मी तांदूळ निवडत होते. तुम्ही माझ्यासमोर खाली बसलात आणि हळू आवाजात म्हणालात, "सुमन, तुझा माणूस गेला."  मला वाटलं, परतूरला भाऊ... "कोण?" म्हणून ओरडले. "बाजूचा," तुम्ही म्हणालात. "मोबाईलवर आलंय."

आता मी रडू का हसू का तुमच्या पाठीत धपाटा घालू? पण माझी किंकाळी शेजारच्या कमलमावशींनी ऐकली होती. त्या धावत आल्या, मागून अजून दोघी-तिघी. मावशींनी तुम्हाला विचारलं, आणि तुम्ही काय सांगितलंत? "हिच्याकडचाच समजा."

झालं! मावशींनी मला छातीशी धरलं. "रड बाई, मोकळी हो. कुठं असत होता?" मी म्हणलं, "इंग्लंडला." मावशी म्हणाल्या, "तुमच्यातलं कोण गेल्तं गं एवढ्या लांब?" आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात, मान खाली घालून, खांदे गदागदा हलवत होता. बायकांना वाटलं, हिचा नवरा पण रडून राह्यला. तुम्ही हसत होता!

त्या गेल्यावर तुम्ही चहा केला. लग्नानंतर पहिल्यांदा. साखर जास्त, पत्ती कमी. मी पिला. दुकान उघडलं नाही तुम्ही त्या दिवशी. जिवंत होता तेव्हा ज्याला तुम्ही कधी मोजलं नाही, त्याच्यासाठी हायवेवरचं चालतं दुकान बंद ठेवलंत. मला ते आवडलं होतं. खरंच आवडलं होतं.

पण गप्प बसाल तर ते तुम्ही कसले! थोड्या दिवसांनी मोबाईल घेऊन मागच्या खोलीत आलात. बाजूच्याच्या जागी दुसरा कोणी उभा करून बँडनं पुन्हा कार्यक्रम सुरू केले होते. मोठ्या खुशीत तुम्ही मला ते दाखवलंत. "आता तरी मान. बाजूचा गेला तरी बँड बराबर चालू हाय. गाणारा गेला असता तर बंद पडला असता."

माझ्या हातात तार होती. मी ती खाली ठेवली आणि विचारलं, "मंग मी गेल्यावर तुमचं दुकान?"

तुम्ही मोबाईलमधून डोकंही वर काढलं नाही. "चालंल की. बराबर चालंल."

अहो, मस्करी होती ती, मला कळलं होतं. तरी लागलं. माझ्या हाताला तांब्याच्या तारेनं पडलेले घट्टे होते आणि गिऱ्हाईक आत डोकावून मलाच विचारायचं, "मिस्तरी कुठंयत?" मी तुमच्याशी बोलणं बंद केलं. जेवण वाढायचे, पण गप्प. तुम्हाला कारण कळलं नाही. तुम्ही कमलमावशींना विचारलंत, "हिला काय झालं?" त्या म्हणाल्या, "माणूस गेलंय तिचं, इतक्या लवकर कसं इसरंल?" घ्या! मग मीच हसले आणि ते तिथंच राहिलं. पण निघालं नाही मनातून. तुम्ही कधी काढलंच नाही ते.

पुढं तुमच्या किडन्या गेल्या. जालन्याला डायलिसिसच्या चकरा सुरू झाल्या. पाणी मोजून, चहा बंद. मी तुमच्यामागं पोलिसासारखी! तुम्ही गाडीतून जाताना प्रत्येक टपरीकडं असं बघायचा, जसं काही ती माहेरची वाट. तिथंच दवाखान्यात तुम्हाला नईमभाई भेटले, त्यांचे भाऊ शेजारच्या खाटेवर होते. तुमच्या मोबाईलमधून गाणं वाजलं आणि ते उठून आले, "अरे, हे तर आपल्यातले निघाले!" त्यांनी तुम्हाला मोबाईलवरच्या त्या फॅनमंडळीच्या ग्रुपात घातलं. जालना, अंबड, परतूर, कुठून कुठून माणसं! मला वाटायचं, अख्ख्या जिल्ह्यात हा येडेपणा एकट्या तुमच्यातच आहे.

सुईच्या हाताकडं बघायचं नाही म्हणून तुम्ही दुसऱ्या हातानं ग्रुपवर भांडायचा. गाणारा मोठा, टोपीवाला मोठा. नर्स ओरडायची, बीपी वाढून राह्यला! मी तो फोन काढून घ्यायचे. पण परत द्यायचे, कारण भांडताना तुमच्या चेहऱ्यावर जरा रंग यायचा.

मग त्यांनी जालन्याला स्टेशनजवळच्या हॉटेलात मेळावा ठेवला. तुम्ही हट्ट धरलात, मलाही चल म्हणालात. मी चांगली साडी नेसून गेले तर तिथं काळे टी-शर्ट घातलेले टकले आणि पोट सुटलेले बाप्ये! बायका मोजक्याच. देशमाने सरांनी माईक घेऊन जाहीर केलं, हॉलचा एकेक कोपरा एकेकाचा. ज्याचा जो आवडता, त्यानं त्या कोपऱ्यात उभं राहायचं.

गाणाऱ्याच्या कोपऱ्यात ही गर्दी. टोपीवाल्याकडं नईमभाई आणि त्यांची मंडळी. ढोलवाल्याकडं कॉलेजची पोरं. आणि चहाच्या टेबलापाशी, बाजूच्याच्या कोपऱ्यात, मी. एकटी.

सगळे माझ्याकडं बघून हसायला लागले. वाईट मनानं नाही, पण हसले. कोणीतरी ओरडलं, "वहिनी, गाणाऱ्याकडं या, जागा हाय!" मी पदर घट्ट केला आणि उभी राहिले. परतूरला बोट ठेवलं ते ठेवलं. माझ्या मनात आलं, बराबर आहे. बाजूच्याचं माणूस एकटंच राहायचं.

आणि तुम्ही गाणाऱ्याच्या गर्दीतून निघालात. हळूहळू. त्या दिवसांत तुम्हाला चार पावलं टाकली की दम लागायचा. मध्ये थांबलात, खुर्चीच्या पाठीला धरलंत, पुन्हा निघालात.  देशमाने सर माईकवरून म्हणाले, "दादा, चुकलात! आपला कोपरा इकडं हाय." तुम्ही नुसता हात हलवलात. माझ्याशेजारी येऊन उभे राहिलात आणि भार माझ्या खांद्यावर टाकलात. 

चहावाल्यानं तुमच्यापुढं कप केला. मी डोळे वटारले. तुम्ही कप घेतलात आणि माझ्या हातात दिलात. "किती येळची उभी हायेस," म्हणालात.

मी तो चहा उभ्यानंच पिऊन टाकला.

परत येताना गाडीत मी विचारलं, "का आलात माझ्याकडं?"

"चहा तिकडं होता," तुम्ही म्हणालात.

"मंग पिला का न्हाई?"

तुम्ही डोळे मिटून घेतलेत आणि गाणाऱ्याचं गाणं गुणगुणायला लागलात. बेसूर! अंबड गेलं, वडीगोद्री आलं, तरी गुणगुणणं चालू. मी म्हणलं, घरी गेल्यावर विचारते. घरी तुम्ही झोपलात. मग डायलिसिस, मग प्रणिता आली, मग तुमची छाती भरली, मग दवाखाना. पोळ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही गेलात. विचारायचं राहून गेलं. एवढं बोलणारा माणूस, दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला आपलं मत ऐकवणारा, आणि जिथं एक वाक्य बोलायचं होतं तिथं चहा सांगतो! काय म्हणावं तुम्हाला?

प्रणिताला मी दुपारी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, बाबांना शेवटी कळलं की बाजूचाच मोठा. बाजूची म्हणजे तूच ना गं." मी म्हणलं, गप बस. शाळेत धडा शिकवल्यासारखं मला शिकवू नको. तुमचं मत असं बदलणारं होतं का? आयसीयूत नळ्या लावलेल्या असताना त्या डॉक्टरांना तुम्ही मोबाईलवर कोणाचं गाणं ऐकवत होता? गाणाऱ्याचंच ना?

तर आत्ता हे लिहिता लिहिता उठून मी नईमभाईंना फोन केला. म्हणलं, "भाईजी, बॅनरवर गाणाऱ्याचाच फोटो लावा."

ते चकित. "पण भाभी, आम्ही सगळ्यांनी बघितलं. दादा बाजूच्याच्या कोपऱ्यात गेले!"

"ते बाजूच्याकडं गेल्ते न्हाई," मी म्हणलं. "ते माझ्याकडं आल्ते."

 नईमभाई खाकरले. "बराबर हाय भाभी," म्हणाले, आणि स्वतःहून म्हणाले, "देशमानेला मीच फोन लावतो."  बॅनरवाल्याला पण मी कळवून टाकलं. त्यानं मशीन चालू केली असणार.

सांगून टाकलं, पण फोन ठेवल्यावर माझं मलाच नवल वाटलं. वर्षभर मी हाच प्रश्न घोळवत होते आणि उत्तर माझ्याच तोंडून निघालं, ते पण दुसऱ्याला सांगताना. तुम्ही ते तुमच्या तोंडानं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं हो? एक वाक्य! पण ते राहू दे आता.

दुकान चालू आहे. मागच्या खोलीतून मी पुढं काउंटरवर आले. आता गिऱ्हाईक मिस्तरी कुठंयत म्हणून विचारतं, तेव्हा मी "बोला" म्हणते. पहिल्यांदा लोक दचकायचे, आता सवय झाली.

मेळावा तुमच्या नावानं पुन्हा होणार आहे आणि मी जाणार आहे. तुमच्या शेजारी गाणारा झळकेल बॅनरवर, झळकू दे, तुमची हौस होऊ दे. पण मी तुम्हाला शब्द देते, मी माझी जागा सोडणार नाही. कोणी कितीही बोलावलं तरी बाजूच्याच्याच कोपऱ्यात उभी राहीन, एकटी. कोणाला दया येऊन ते माझ्याशेजारी उभं राहायला आलं, तर त्याला सरळ परत पाठवीन. तिथं मी एकालाच येऊ दिलं होतं.

तुमचीच,
सुमन
वडीगोद्री